जखडरोधी ब्रेक प्रणाली : विद्युत् दोषनिदानाचा इतिहास

मोटारगाडीचे ब्रेक एकाएकी जोराने दाबले असता चाके फिरावयाची थांबतात, परंतु गाडी मात्र रस्त्यावरून घसरत पुढे जात राहते. या अवस्थेस चाके जखडणे असे म्हणतात. जखडलेल्या चाकाला बाजूचे बल जवळजवळ पेलता येत नाही. त्यामुळे पुढील चाके जखडल्यास सुकाणू चक्र फिरवूनही गाडी वळत नाही आणि मागील चाके जखडल्यास गाडीचा मागील भाग बाजूला फेकला जातो. हे टाळण्यासाठी चाकांच्या वेगावर सतत लक्ष ठेवून, एखादे चाक जखडण्याच्या बेतात येताच त्याच्या ब्रेकमधील द्रवाचा दाब क्षणभर कमी करणारी व चाक सावरताच तो पुन्हा वाढविणारी जी यंत्रणा बसवितात, तिला जखडरोधी ब्रेक प्रणाली म्हणतात. व्यवहारात ती ‘एबीएस’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. [⟶ गतिरोधक].

या प्रणालीचे मुख्य भाग चार : चाकाजवळचे वेग-संवेदक, त्यांचे संकेत तपासणारे इलेक्ट्रॉनीय नियंत्रक, दाब कमी-अधिक करणाऱ्या विद्युत् चुंबकीय झडपा आणि द्रव परत ढकलणारा, विद्युत् चलित्रावर चालणारा पंप. हे सर्व भाग जोडणाऱ्या तारा, रिले, वितळतारा व जोडण्या यांची गणना बहुधा कोणी करीत नाही; दोष मात्र बहुतेक वेळा त्यांच्यातच सापडतो.

साध्या ब्रेकमधील बिघाड चालकाच्या पायाला रोजच्या रोज कळतो. पट्टी खोल जाते, गाडी एका बाजूस ओढते, चाकातून आवाज येतो. एबीएसचे तसे नाही. ती महिनोन्‌महिने निष्क्रिय बसून असते आणि एखाद्या अवघड क्षणी, पूर्वसूचनेवाचून, तिची गरज पडते. तिच्या विद्युत् भागात दोष असेल, तर त्या क्षणी ती काही करणार नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे गरज नसताना ब्रेकचा दाब काढून घेईल. पहिल्या दोषाने गाडी साध्या ब्रेकच्या पातळीवर येते, तर दुसऱ्याने तिच्याही खाली जाते. त्यामुळे ही प्रणाली रस्त्यावर कधी येऊ शकली आणि कधी माघारी गेली, हे चाके जखडू न देण्याच्या तिच्या कौशल्यापेक्षा स्वतःचा दोष ओळखून वेळीच बाजूला होण्याच्या क्षमतेवर अधिक अवलंबून राहिले.

यांत्रिक अवस्था : चाक जखडू न देण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीतील बॉश कंपनीने १९३६ मध्ये अशा साधनाचे एकस्व नोंदविले होते. परंतु वेगातील बदल पुरेशा जलद ओळखणारे साधन त्या वेळी उपलब्ध नव्हते. विमानांच्या बाबतीत गरज अधिक निकडीची होती, कारण धावपट्टीवर उतरताना चाक जखडले की टायर काही क्षणांत झिजून फुटे. ब्रिटनच्या डनलॉप कंपनीने १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी ‘मॅक्सारेट’ नावाचे साधन विमानांसाठी प्रचारात आणले. त्यात चाकाबरोबर फिरणारे एक लहान प्रचक्र असे. चाकाचा वेग एकदम घटला, तरी जडत्वामुळे प्रचक्र पुढे फिरत राही आणि या फरकाने झडप उघडून ब्रेकमधील दाब सुटे. त्यात वीज मुळीच नव्हती. १९६६ मध्ये इंग्लंडमधील जेन्सन कंपनीच्या एफएफ या मोटारगाडीत हेच तत्त्व वापरले गेले. परंतु त्या गाडीतील साधन प्रत्येक चाकाला वेगळे नसून शक्तिप्रेषणाच्या मध्यवर्ती भागावर बसविलेले होते. यांत्रिक साधन बिघडले, तर ते उघडून झीज किंवा गंज डोळ्यांनी पाहता येत असे. ही सोय पुढे नाहीशी झाली.

इलेक्ट्रॉनीय प्रणालींचा उदय : अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६९ मध्ये केवळ मागील चाकांसाठी इलेक्ट्रॉनीय नियंत्रक असलेली प्रणाली आणली. क्राइस्लर कंपनीने १९७१ मध्ये आपल्या इंपीरियल गाडीत चारही चाकांवर संवेदक असलेली, बेंडिक्स कंपनीच्या साहाय्याने तयार केलेली प्रणाली दिली. जर्मनीत हायडलबर्ग येथील टेल्डिक्स या कंपनीत हाइन्झ लाइबर व त्यांचे सहकारी याच प्रश्नावर काम करीत होते. डाइम्लर-बेंझ कंपनीने डिसेंबर १९७० मध्ये आपल्या उंटरट्युर्कहाइम येथील चाचणी-मार्गावर ही प्रणाली लोकांसमोर मांडली. प्रात्यक्षिक यशस्वी झाले, तरी ग्राहकाच्या हाती ती पडण्यास आठ वर्षे लागली. या विलंबाचे कारण विद्युत् मंडलांत होते. त्या वेळच्या नियंत्रकात सु. १,००० सुटे घटक होते. प्रत्येक घटक व त्याचा प्रत्येक सांधा हे दोषाचे एकेक संभाव्य स्थान होय. उष्णता, थंडी, दमटपणा आणि सततचे हादरे यांत इतके सांधे वर्षानुवर्षे शाबूत राहतील, याची खात्री कोणीही देऊ शकत नव्हते. बॉश कंपनीने हे काम हाती घेतल्यावर अंकीय संकलित मंडलांचा उपयोग केला आणि घटकांची संख्या सु. १४० पर्यंत खाली आणली. दोष शोधण्याचा पहिला उपाय दोषाच्या जागाच कमी करणे हा होता.

१९७८ चे वर्ष : या वर्षी परस्परविरुद्ध वाटणाऱ्या दोन घटना घडल्या. अमेरिकेत जड मालमोटारींच्या हवेच्या ब्रेकसंबंधीचे केंद्रीय सुरक्षा मानक क्र. १२१ हे १९७५ मध्ये अंमलात आले होते. थांबण्याचे अंतर व चाके न जखडणे यांविषयीच्या त्याच्या अटी पुऱ्या करण्यासाठी उत्पादकांना इलेक्ट्रॉनीय जखडरोधी साधने बसवावी लागली. ती घाईने बाजारात आली होती. मालमोटारीच्या तारा उघड्यावर, चिखल-पाण्यात असतात, जोडगाडीची जोडणी दररोज काढली-घातली जाते आणि नियंत्रकांचे संरक्षण अपुरे होते. साधने अकारण काम करतात, बंद पडतात, जवळच्या रेडिओ-संदेशवहनाच्या लहरींनी गोंधळतात, अशा तक्रारी वाहतूकदारांकडून येऊ लागल्या. कित्येकांनी साधनांच्या तारा सरळ तोडून टाकल्या. मालमोटार-उत्पादक पॅकार यांनी शासकीय सुरक्षा संस्थेविरुद्ध दाखल केलेल्या खटल्यात केंद्रीय अपील न्यायालयाने १९७८ मध्ये हे मानक, लागू केले गेले त्या वेळी, वाजवी व व्यवहार्य नव्हते असा निर्णय देऊन संबंधित अटी रद्द ठरविल्या. प्रत्यक्ष रस्त्यावरील विश्वासार्हतेची पुरेशी परीक्षा झालेली नव्हती, हा या निर्णयाचा गाभा होय.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये मर्सिडिस-बेंझच्या एस श्रेणीच्या गाड्यांसाठी बॉशची अंकीय प्रणाली ऐच्छिक साधन म्हणून जाहीर झाली व ती टिकली. हा फरक केवळ जर्मन कारागिरीचा आहे, असे समजणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. मोटारगाडीतील तारा सुरक्षित जागी असतात आणि जोडगाडीचा प्रश्न तेथे नव्हता. तथापि निर्णायक गोष्ट वेगळीच होती. ही प्रणाली गाडी सुरू होताच स्वतःची तपासणी करी आणि दोष आढळल्यास आपला विद्युत् पुरवठा आपणच तोडून घेई.

स्वतपासणी : किल्ली फिरविताच चालकासमोरील पिवळा दिवा काही क्षण लागतो व विझतो. या अवधीत नियंत्रक आपली मंडले, झडपांची वेटोळी आणि संवेदकांच्या तारा यांतून अल्प प्रवाह सोडून त्या अखंड आहेत की नाहीत ते पाहते. गाडी हलू लागल्यावर बहुतेक प्रणालींत पंप व झडपा क्षणभर चालवून पाहिल्या जातात. काही गाड्यांत त्याचा बारीक आवाजही ऐकू येतो. त्यानंतर प्रवासभर चारही चाकांच्या वेगांची एकमेकांशी तुलना चालू असते. तीन चाके फिरत असताना चौथ्याचा वेग काही सेकंद शून्य दिसला, तर ते चाक खरोखर थांबले असण्यापेक्षा तार तुटली असण्याची शक्यता अधिक, असा निष्कर्ष नियंत्रक काढते. नियंत्रकावरही पूर्ण विश्वास टाकलेला नसतो. दोन स्वतंत्र गणनमंडले आपले निकाल ताडून पाहतात आणि त्यांत मतभेद झाला, तर प्रणाली बंद होते. प्रणाली बंद करणारा रिले असा जोडलेला असतो की, वीज गेली म्हणजे झडपा स्प्रिंगच्या जोराने मूळ जागी येतात आणि चालकाचा पाय व ब्रेक यांमधील द्रवाचा मार्ग मोकळा राहतो.

एकटा पिवळा दिवा लागलेला असेल, तर साधे ब्रेक शाबूत असून गाडी जपून चालविता येते. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मागील चाकांचा दाब मर्यादित ठेवणारी इलेक्ट्रॉनीय व्यवस्था बंद पडली असण्याचा किंवा द्रवाची पातळी घटल्याचा संभव असतो; अशी गाडी थांबविणेच इष्ट होय. किल्ली फिरविल्यावर पिवळा दिवा मुळी लागतच नाही, ही स्थिती कित्येक चालकांना समाधानाची वाटते. वस्तुतः त्या वेळी दिवाच गेलेला असतो किंवा कोणी तरी तो मुद्दाम काढून टाकलेला असतो.

अमेरिकेत मालमोटारींसाठी ही प्रणाली पुन्हा सक्तीची करणारा नियम १९९५ मध्ये झाला व तो १९९७-९८ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाला. विद्युत् दोष दर्शविणारा दिवा या वेळी नियमाचाच भाग होता. जोडगाडीच्या बाहेरील बाजूसही असा दिवा असावा, अशी तरतूद करण्यात आली. मागील अनुभवाचा धडा कायद्याच्या भाषेत उतरला तो असा.

दोषस्मृती व लुकलुकणारे संकेतांक : दिवा ‘दोष आहे’ एवढेच सांगतो, कोठे ते सांगत नाही. १९८० नंतरच्या दशकात सूक्ष्मप्रक्रियकांबरोबर वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृती आल्या आणि आढळलेला दोष संकेतांकाच्या रूपाने साठविणे शक्य झाले. तो वाचण्याची आरंभीची पद्धत मोठी साधी होती. ठराविक दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडावयाची आणि दिव्याची उघडझाप मोजावयाची. टोयोटाच्या अनेक गाड्यांत तीन व नंतर एक उघडझाप म्हणजे ३१, याचा अर्थ पुढील उजव्या चाकाचा संवेदक. ३२ पुढील डावा, ३३ मागील उजवा व ३४ मागील डावा. ४१ म्हणजे बॅटरीचा विद्युत् दाब कमी. कागद, पेन्सिल व तारेचा तुकडा असणाऱ्या कोणत्याही गॅरेजला हे निदान करता येत असे.

पुढे संकेतांकांची संख्या वाढली व उघडझापेची जागा अंकीय संदेशवहनाने घेतली. बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या ‘कॅन’ या जाळ्याने गाडीतील निरनिराळी नियंत्रके एकमेकांशी जोडली गेली. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांत सोळा टोकांची समान निदान-जोडणी आली. तथापि या सक्तीचा हेतू धुराचे नियंत्रण हा होता. एंजिनाचे संकेतांक कोणत्याही साध्या वाचकावर दिसू लागले; ब्रेकचे संकेतांक, ज्यांचा आरंभ ‘सी’ या अक्षराने होतो, ते मात्र बऱ्याच अंशी उत्पादकाच्या खाजगी भाषेत राहिले. परिणामतः ज्या प्रणालीवर प्राण अवलंबून आहेत तिचे निदान, ज्या प्रणालीवर हवेची शुद्धता अवलंबून आहे तिच्या निदानापेक्षा सामान्य गॅरेजला अधिक दुर्मिळ झाले. या विसंगतीचे समर्थन करणे कठीण आहे.

संकेतांकाची मर्यादा : ‘पुढील डावा संवेदक’ असा संकेतांक दिसताच संवेदक बदलणे ही गॅरेजमधील सर्वांत सामान्य व सर्वांत खर्चिक चूक होय. संकेतांक मंडलाचे नाव सांगतो, दोषी वस्तूचे नाही. त्या मंडलात संवेदक, चाकामागील सतत वाकणारी तार, दोन-तीन जोडण्या, दातेरी कडे आणि नियंत्रकाचे प्रवेशटोक एवढ्या वस्तू येतात.

जुन्या पद्धतीचा संवेदक म्हणजे कायम चुंबकावर गुंडाळलेले तारेचे वेटोळे. त्यासमोरून दातेरी कडे फिरले की, चुंबकीय स्रोत कमी-जास्त होऊन वेटोळ्यात प्रत्यावर्ती विद्युत् दाब निर्माण होतो. कड्याला ४८ दाते व चाकाचा परिघ २ मी. असेल, तर ताशी ३६ किमी. वेगाने, म्हणजे सेकंदास १० मी. जाताना, चाकाचे ५ फेरे होतात व संकेताची कंप्रता सेकंदास २४० आवर्तने इतकी येते. वेग घटला की कंप्रतेबरोबर विद्युत् दाबही घटतो. फार मंद गतीस तो इतका क्षीण होतो की, नियंत्रकाला तो ओळखता येत नाही; म्हणून अगदी थांबण्याच्या क्षणी ही प्रणाली काम सोडते. अशा वेटोळ्याचा रोध बहुधा १,००० ओहमच्या आसपास, काही शे कमी-अधिक असतो. मल्टिमीटरने तो मोजावा, प्रत्येक तार व गाडीचा सांगाडा यांमध्ये मार्ग नाही हे पाहावे, चाक हाताने फिरवून निर्माण होणारा विद्युत् दाब पाहावा आणि हे सर्व करताना तार हलवीत राहावे. हलविताना काटा थरथरला, तर दोष तारेत आहे.

रोध बरोबर आला, म्हणजे संवेदक निर्दोष असे मात्र नव्हे. याचे मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. जनरल मोटर्स कंपनीला २००५ मध्ये १९९९ ते २००२ या काळातील पिकअप व तत्सम सु. ८ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या १४ राज्यांतील या गाड्या होत्या. चाकाच्या तुंब्यावर संवेदक बसतो त्या जागी गंज धरून संवेदक किंचित वर उचलला गेला होता. कडे व संवेदक यांमधील अंतर जेमतेम १ मिमी.च्या आसपास असावे लागते. ते वाढताच मंद गतीतील संकेत क्षीण झाला. नियंत्रकाला वाटले, चाक जखडले. त्याने ब्रेकचा दाब सोडला आणि गाडी थांबता थांबता पुढे सरकली. तार अखंड, वेटोळे शाबूत, दिवा विझलेला. विद्युत् दृष्ट्या सर्व काही ठीक असताना दोष मात्र प्राणघातक ठरू शकणारा होता. असा दोष केवळ दोलनदर्शकावर तरंगाची उंची पाहून किंवा चारही चाकांचे वेग एकाच वेळी, गाडी थांबेपर्यंत, पडद्यावर वाचून सापडतो. कड्याचा एक दाता तुटला असेल, तर तरंगात प्रत्येक फेऱ्याला एक खाच दिसते. ती पाहिलेला माणूस पुन्हा विसरत नाही.

दुसरा फसवा दोष भूसंपर्काचा. पंपाचे चलित्र मोठा प्रवाह घेते. त्याच्या भूसंपर्काच्या सांध्यावर गंज चढून ०.२ ओहम रोध निर्माण झाला आणि प्रवाह २० अँपिअर असला, तर ४ व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतात व १२ व्होल्टांपैकी चलित्राच्या वाट्याला ८ उरतात. मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचा रोधही एवढाच असू शकतो; त्यामुळे ओहममध्ये मोजून हा दोष सापडत नाही. पंप चालू असताना सांध्याच्या दोन्ही बाजूंमधील विद्युत् दाब मोजणे, हाच खरा उपाय. शेवटचा धागा उरलेली तारही मोकळ्या स्थितीत पूर्ण १२ व्होल्ट दाखविते. तिला दिव्याचा भार जोडला, तरच तिचे खरे स्वरूप उघड होते. नियंत्रकात आढळणारे ‘पंपाचा दोष’ व ‘विद्युत् दाब कमी’ हे संकेतांक पुष्कळदा या एका सांध्यावरून आलेले असतात, आणि त्यापायी महागडे नियंत्रक बदलले जाते. अर्थात नियंत्रकेही निर्दोष नसतात. ती झडपांच्या ठोकळ्यावर, एंजिनाच्या उष्णतेत बसवू लागल्यापासून त्यांतील बारीक सांधे तडकून, गाडी तापल्यावर प्रकट होणारे व थंड झाल्यावर नाहीसे होणारे दोष बरेच आढळले.

सक्रिय संवेदक : १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात हॉल परिणामावर किंवा चुंबकीय रोधावर चालणारे संवेदक प्रचारात आले. त्यांना नियंत्रकाकडून वीज मिळते आणि ते चाकाचा वेग विद्युत् दाबाने नव्हे, तर सु. ७ व १४ मिलिअँपिअर अशा प्रवाहाच्या दोन पातळ्यांनी कळवितात. जवळजवळ शून्य वेगापर्यंत ते संकेत देतात; जुन्या संवेदकाची क्षीणता येथे नाही. परंतु ओहममापनाची जुनी पद्धत येथे निरुपयोगी असून तिने संवेदकाला इजाही होऊ शकते. दातेरी कड्याऐवजी बेअरिंगच्या कडेस चुंबकित पट्टी असते व ती डोळ्यांना साध्या रबरासारखी दिसते. बेअरिंग उलटे बसविले, तर ही पट्टी संवेदकाच्या विरुद्ध बाजूस जाते आणि नवा संवेदक, नवी तार, नवे नियंत्रक यांपैकी कशानेही दिवा विझत नाही. चुंबकित बाजू ओळखण्यासाठी मिळणारे लहानसे पत्र बेअरिंगवर धरले की, प्रश्न क्षणात सुटतो.

भारतात १२५ घ. सेंमी.पेक्षा अधिक धारितेच्या सर्व नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. मोटारगाड्यांच्या बाबतीतही हा नियम याच सुमारास आला. वाहनांच्या प्रकार-मान्यतेच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थांत पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही एक होय. मात्र मान्यतेची चाचणी नव्या वाहनाची असते. कोकणातील चार पावसाळे पाहिलेल्या दुचाकीच्या पुढील चाकाजवळची जोडणी उघडली, तर आत हिरवट थर साचलेला आढळतो. तांब्याचा हा गंज पुसून, जोडणी कोरडी करून, तार तिच्या मूळ पकडीत पुन्हा अडकविली आणि स्मृतीतील संकेतांक पुसून गाडी थोडे अंतर चालविली की, बहुतेक वेळा दिवा विझतो. दुरुस्ती न करता केवळ संकेतांक पुसला, तर तो पहिल्या काही मीटरांतच परत लागतो.